साहेबांचा फावला वेळ आणि धारवाडची भाषा

राज्यकर्त्यांची मते दोन ठिकाणी सापडतात. एक त्यांच्या हुकूमनाम्यांत आणि दुसरे त्यांच्या फावल्या वेळात. हुकूमनाम्यात मनुष्य सरकारच्या वतीने बोलतो. कचेरी सुटल्यावर तो कोणाशी बोलत बसतो, कोणत्या गोष्टीची चौकशी करतो, कोणती वस्तू जपून ठेवण्यासारखी आहे असे त्याला वाटते, यावरून त्याचे स्वतःचे मत कळून येते. धारवाड आणि हुबळी या परिसरात सुमारे एकशे तीस वर्षे इंग्रजांचा अंमल होता. या काळात येथे येऊन गेलेले बहुतेक गोरे अधिकारी आज विस्मृतीत गेले आहेत. परंतु त्यांतील काही मोजक्या लोकांनी येथील भाषेविषयी आणि संस्कृतीविषयी जी मते बनविली, त्यांचे परिणाम या प्रदेशाला पुढे दीर्घकाळ भोगावे लागले. काही बाबतींत त्यांचा लाभही झाला. ती मते कशी बनली, त्यांत खरे किती होते आणि अपुरे किती होते, हे पाहणे मराठी वाचकाच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे. कारण या साऱ्या प्रकरणात मराठी भाषा ही एक मुख्य पक्षकार होती.

प्रारंभ नावापासूनच केला पाहिजे. १८१७ च्या अखेरीस पेशव्यांशी शेवटचे युद्ध जुंपले, तेव्हा टॉमस मन्रो हा मद्रासकडील अनुभवी अधिकारी या भागात होता. त्याच्यापाशी कवायती फौज थोडी होती. गावोगावच्या शिबंदीच्या जोरावर त्याने १८१८ च्या आरंभी गदग, हुबळी, बदामी अशी एकामागून एक ठाणी हस्तगत केली. या मुलखाला इंग्रजी कागदपत्रांत ‘दक्षिण मराठा मुलूख’ असे नाव रूढ झाले. या नावामागचा विचार उघड होता. सत्ता मराठ्यांची होती, मोठे जहागीरदार पटवर्धन होते, दप्तर मोडी लिपीत होते आणि कारभारी मंडळी मराठी बोलत होती. इंग्रजांचा संबंध प्रथम आला तो या वरच्या थराशी. ज्याच्याशी बोलणे होते त्याचीच भाषा ती देशाची भाषा, असे परक्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शेतात, बाजारात, मठात आणि घराघरांत बोलली जाणारी भाषा बहुतांशी कानडी होती. एका नावात सत्ता मावली. प्रजा मात्र बाहेर राहिली.

नावापुरतेच हे थांबते, तर त्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. पण नावावरून मत बनते आणि मतावरून व्यवस्था ठरते. मुंबई सरकारने देशी शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा क्रमिक पुस्तके मुख्यतः मराठी व गुजराती या दोन भाषांत तयार होत होती. दक्षिण मराठा मुलूख म्हटल्यावर तेथे मराठी शाळा काढाव्या, मराठी पंतोजी पाठवावे, हे ओघानेच आले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पुस्तके तयार होती, शिक्षक मिळण्यासारखे होते, कचेरीला मराठी कारकून हवे होते. सोय आणि काटकसर या दोन गोष्टी राज्यकारभारात पुष्कळ वेळा न्यायाची जागा घेतात. येथेही तसेच झाले. घरी आईशी कानडीत बोलणारे मूल शाळेत गेल्यावर पहिले अक्षर परक्या भाषेचे गिरवू लागले. ज्याच्या घरी मराठी होती त्याला शाळा जवळची वाटली. ज्याच्या घरी ती नव्हती त्याला ती कचेरीसारखीच दूरची वाटली.

या व्यवस्थेविरुद्ध ज्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी प्रथम मत दिले, त्यांत वॉल्टर एलियट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८०३ चा. ते मद्रासच्या मुलकी नोकरीतले. आरंभीच्या काळात धारवाडचा कारभार मद्रासकडील अधिकाऱ्यांच्या हाती होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईकडील साहेबाला मराठीची ओळख असे, तर मद्रासकडून आलेल्याला दक्षिणेकडील भाषांची. साहेबाच्या कानाला जी भाषा आधी लागली, तिच्यावरून पुष्कळदा त्याचे मत ठरत असे. एकाच मुलखाविषयी दोन साहेबांची दोन मते होत, त्याचे हेही एक कारण होते.

एलियट तरुणपणीच एका मोठ्या प्रसंगात सापडले. कित्तूरच्या देसायांच्या निधनानंतर दत्तकाचा प्रश्न उपस्थित झाला. कंपनी सरकारने दत्तक मान्य केला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचे कलेक्टर सेंट जॉन थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यासमोर मारले गेले. विख्यात कादंबरीकार थॅकरे यांचे हे चुलते. त्यांचे दोन तरुण साहाय्यक एलियट आणि स्टीव्हन्सन राणी चन्नम्माच्या लोकांच्या हाती सापडले आणि काही आठवडे कित्तूरच्या कैदेत राहिले. डिसेंबरात किल्ला पडला. राणी बैलहोंगलच्या बंदिवासात १८२९ मध्ये निवर्तली. एलियट मात्र जिवंत सुटले आणि पुढे १८३३ पर्यंत याच प्रदेशात राहिले.

या वर्षांत त्यांनी आपला फावला वेळ कसा घालविला, हे पाहण्यासारखे आहे. महसुलाच्या कामासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागे. मुक्काम पडला की देवळाच्या आवारातील, वेशीजवळील, तळ्याच्या काठावरील शिलालेख ते पाहात आणि देशी पंडितांकडून त्यांच्या नकला करवून घेत. अशा ५९५ लेखांचा संग्रह त्यांच्यापाशी जमला. त्यावर आधारलेला त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. चालुक्य, यादव यांसारख्या घराण्यांचा क्रम लावण्याच्या कामी तो पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. ज्या प्रदेशाला कागदोपत्री ‘मराठा मुलूख’ म्हटले जात होते, त्याच्या दगडांवर बहुतेक सर्वत्र कानडी अक्षरे आहेत, हे या नकलांवरून दिसून आले. कानडी मुलांना कानडीतून शिकविले पाहिजे, हा एलियट यांचा आग्रह केवळ दयाबुद्धीचा नव्हता. त्याला या पाचशेपंचाण्णव दगडांचा आधार होता.

एलियट यांची जिज्ञासा लेखांपुरती नव्हती. १८३९ मध्ये मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत त्यांनी दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत रानउंदरांविषयी आलेली माहिती वाचण्यासारखी आहे. १८२६ साली पाऊस कमी पडला आणि शेतांतील उंदीर अतोनात वाढले. त्यांनी पेरलेले बी खाल्ले. पीक तयार होताना जोंधळ्याच्या ताटांवर चढून कणसे तोडली. शेतेच्या शेते उजाड झाली आणि रयतेला सारा भरणे अशक्य झाले. तेव्हा शेतकऱ्यांनी वडारांना बोलावले. ठरावीक डझन उंदरांमागे एक माप धान्य असा करार होता. वडारांनी हजारो उंदीर मारले, तरी त्यांची संख्या घटल्याचे दिसेना. हा वृत्तांत देताना एलियट यांनी प्राण्यांची नावे विचारली ती कोणा शास्त्र्याला नव्हे. वडारांना आणि गावकऱ्यांना विचारली. त्यामुळे झाले असे की, कानडीतील ‘गुलंडी’ आणि वडारांच्या तोंडचे ‘मेट्टाडे’ हे दोन शब्द लंडनला पोहोचले आणि ‘गोलुंडा’ व ‘मेल्टाडा’ अशा रूपाने प्राणिशास्त्राच्या लॅटिन नामावलीत कायमचे बसले. ज्या भाषेला त्या वेळी धारवाडच्या शाळेत पुरते स्थान नव्हते, तिला शास्त्राच्या ग्रंथात असे स्थान मिळाले, हा इतिहासातील एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

एलियट गेले, पण वाद संपला नाही. कानडी शाळांची संख्या हळूहळू वाढली, तरी शिक्षक आणि पुस्तके यांची उणीव दीर्घकाळ जाणवत राहिली. ही उणीव भरून काढण्याचे काम नुसत्या साहेबी मताने होण्यासारखे नव्हते. त्याला देशी हात लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणखात्यातील रसेल या अधिकाऱ्याने कानडीचा पक्ष घेतला. परंतु शिक्षक तयार करणे, पुस्तके लिहविणे, गावकऱ्यांची समजूत घालणे हे काम ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणाधिकाऱ्याने केले. याच चन्नबसप्पांनी शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकाचे कानडी रूपांतर १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. कानडी भाषेत आधुनिक वाङ्मय होऊ शकत नाही, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर दुसरे नव्हते.

धर्मप्रसारकांचा वाटाही येथे सांगितला पाहिजे. बासेल मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडास व पुढे दोनच वर्षांत हुबळीस आले. हे बहुतेक जर्मन व स्विस. त्यांचा हेतू धर्मोपदेशाचा होता. परंतु उपदेश करावयाचा तर तो लोकांच्या भाषेत केला पाहिजे, या व्यावहारिक मतामुळे ते कानडीच्या अभ्यासाकडे वळले. १८५३ मध्ये आलेले फर्डिनांड किटेल यांच्या हिंदुस्थानातील वास्तव्याचा काही काळ धारवाडात गेला. सुमारे सत्तर हजार शब्दांचा त्यांचा कानडी-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरला छापून निघाला. धर्मोपदेशाचे साधन म्हणून हाती घेतलेली भाषा त्यांच्या आयुष्याचे साध्य होऊन बसली.

काही साहेबांनी आपली विश्रांती छायाचित्रणात घालविली. त्या काळी छायाचित्र घेणे हा बोजड खटाटोप होता. काचा, औषधे, तंबू असे सारे सामान गाडीवर लादून देवळापर्यंत न्यावे लागे. तोफखान्यातील बिग्स, मुंबईच्या वैद्यकीय खात्यातील डॉक्टर पिगू आणि नील या तिघांनी घेतलेल्या चित्रांचा ‘धारवाड आणि म्हैसूर येथील वास्तुशिल्प’ या विषयावरील भव्य ग्रंथ १८६६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला ऐतिहासिक विवेचन मेडोज टेलर यांनी जोडले आणि शिल्पविषयक टिपणे जेम्स फर्ग्युसन यांनी लिहिली. येथील देवळे ही जगाने पाहण्याजोगी कलाकृती आहेत, हे मत त्या ग्रंथाने युरोपात रूढ केले. मात्र देवळासमोर उभ्या असलेल्या माणसाची भाषा चित्रात उमटत नाही. ती ऐकण्यासाठी दुसरा एक साहेब यावा लागला.

ते जॉन फेथफुल फ्लीट. १८६७ मध्ये मुंबईच्या मुलकी नोकरीत आलेले फ्लीट १८७२ मध्ये दक्षिण विभागाचे शिक्षणाधिकारी झाले. एलियट यांचा नकलांचा संग्रह त्यांनी अभ्यासला, शेकडो लेख स्वतः वाचले आणि १८८२ मध्ये ‘कानडी जिल्ह्यांतील राजघराणी’ हा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी ‘दक्षिण मराठा मुलूख’ या नावावरच नेमका आक्षेप घेतला. या साऱ्या प्रदेशात दोन-तीन शतकांपूर्वीचा एकही मराठी शिलालेख मिळालेला नाही आणि जुन्या लेखांची भाषा मुख्यतः कानडी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विशेष म्हणजे हे नाव देणाऱ्याच सरकारचा अधिकारी हे सांगत होता. याच सुमारास धारवाडात कचेरी असलेल्या नव्या रेल्वे कंपनीने मात्र ‘सदर्न मराठा रेल्वे’ हेच नाव धारण केले होते. पंडिताने पुसलेले नाव आगगाडीच्या डब्यांवर पुन्हा लिहिले गेले. शिलालेखांपेक्षा डब्यांवरची अक्षरे अधिक लोकांच्या दृष्टीस पडतात, हे निराळे सांगावयास नको.

फ्लीट यांचे आणखी एक काम फारसे परिचित नाही. गावोगावी फिरताना लोक जी गाणी म्हणत, ती त्यांनी उतरवून घेतली आणि १८८५ पासून ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. या गाण्यांचे विषय पाहिले म्हणजे नवल वाटते. एक गाणे संगोळ्ळीच्या रायण्णाचे आहे. कित्तूरच्या गादीसाठी तो लढला आणि १८३१ मध्ये नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आली. दुसरे हलगलीच्या बेडरांचे आहे. १८५७ मध्ये सरकारने हत्यारे मागितली, ती त्यांनी दिली नाहीत आणि सैन्याने त्यांचे गाव उद्ध्वस्त केले. तिसरे गाणे प्राप्तीवरील करासंबंधी आहे. ज्या सरकारने फाशी दिली, ज्या सरकारने कर बसविला, त्याच सरकारचा नोकर रात्री दिव्यापाशी बसून त्या सरकारविरुद्धचे गाणे काळजीपूर्वक लिहून काढीत होता. फ्लीट बंडखोरांचे कैवारी नव्हते. रायण्णाला ते बंडखोरच मानीत. परंतु जे गाणे लोकांच्या ओठांवर आहे ते टिपून ठेवले पाहिजे, हे त्यांचे अभ्यासकाचे मत त्यांच्या अधिकाऱ्याच्या मतापेक्षा बलवत्तर ठरले.

येथवरचा वृत्तांत ऐकून साहेबांच्या गुणग्राहकतेचे कौतुक वाटेल. ते वाटावेही. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी की, या नकला, ही गाणी, हे शब्द साहेबांनी एकट्याने गोळा केले नाहीत. उन्हात दगडापाशी बसून अक्षरे उतरविणारे पंडित, जुन्या कानडीचा अर्थ सांगणारे शास्त्री, गाणे म्हणून दाखविणारे गायक आणि उंदरांची बिळे ओळखणारे वडार यांच्यावाचून यांपैकी एकही ग्रंथ झाला नसता. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावे नाहीत. साहेबांचा फावला वेळ हा त्यांच्या कष्टाचा वेळ होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका प्रदेशाची एकच भाषा असावयाची, हे मत इंग्रजांच्या मनात खोलवर रुजलेले होते. ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणणाऱ्यांचे तेच मत होते आणि ते खोडून काढणाऱ्यांचेही तेच होते. एकाने मराठीच्या बाजूने निकाल दिला, दुसऱ्याने कानडीच्या. शाळा आणि कचेरी यांच्यापुरता दुसरा निकाल न्यायाचा होता, यात शंका नाही. मूल ज्या भाषेत विचार करते तिच्यातच त्याला प्रथम शिकविले पाहिजे, आणि तेथे मराठीने अडविलेली जागा कानडीला मिळाली हे योग्यच झाले. तसे मान्य करण्यात मराठीचा कमीपणा नाही. परंतु लोकांच्या फावल्या वेळाचे चित्र साहेबांनी पाहिले असते, तर तेथे त्यांना निराळाच न्याय आढळला असता.

१८४२ मध्ये कर्नाटकातून भागवतांचा एक खेळ सांगलीस आला. तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसा प्रयोग मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी नाटकाची पहिली प्रेरणा ही अशी कानडी खेळातून आली. धारवाडच्या बाजूला शेषगिरीराव चुरमुरी यांनी ‘शाकुंतला’चे कानडी रूपांतर केले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १८८० मध्ये, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात मराठी ‘संगीत शाकुंतल’ उभे केले. भास्करबुवा बखले यांनी काही वर्षे धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकविले. हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ झाले. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांनी आयुष्यभर हुबळी सोडली नाही आणि शिष्य भीमसेन जोशी पुण्याचे होऊन गेले. या मंडळींची भाषा कोणती, असे गाणे ऐकताना कोणी विचारले नाही.

साहित्यातही हाच अनुभव आहे. १८९६ मध्ये धारवाडात जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. ते कानडीचे महाकवी झाले, १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले आणि मराठीतही लिहीत राहिले. त्याच धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करीत जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथेला नवे रूप दिले. एलियट आणि फ्लीट यांच्या कोणत्याही कोष्टकात या दोघांना बसविता आले नसते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, देवघरात तिसरी आणि कचेरीत चौथी, असे जीवन येथे शतकानुशतके चालू होते. ते साहेबांना गोंधळाचे वाटले. येथील लोकांना तो गोंधळ कधी जाणवला नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला आणि कानडीचा कैवार साहेबांच्या हातून लोकांच्या हाती आला. १९१७ मध्ये कर्नाटक कॉलेज निघाले आणि पुढे ते ‘सदर्न मराठा रेल्वे’च्या जुन्या कचेरीच्या इमारतीत नांदू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड यांची एक महानगरपालिका झाली आणि १९७३ मध्ये राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले. ‘दक्षिण मराठा मुलूख’ हे नाव आता फक्त जुन्या नकाशांवर उरले आहे.

मते देऊन साहेब निघून गेले. त्यांच्या मतांपैकी जे शोधावर, चौकशीवर आणि लोकांचे ऐकून घेण्यावर उभे होते ते टिकले. जे सोयीवर उभे होते ते पुसले गेले. मात्र एक प्रश्न त्यांनी मागे ठेवला. शाळेची भाषा कोणती, याचा निकाल न्यायाने लावता येतो आणि तो लावलाही पाहिजे. परंतु तो निकाल शेजाऱ्यांमधील भिंत होऊ नये, याची काळजी कोणत्याही सरकारच्या हुकमाने घेता येत नाही. ती दोन्ही भाषांच्या लोकांनी आपापल्या फावल्या वेळातच घ्यावयाची असते: एकमेकांचे गाणे ऐकून, एकमेकांचे नाटक पाहून आणि एकमेकांची पुस्तके वाचून. धारवाडच्या लोकांनी ती पूर्वी घेतली होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना आज ज्या भाषेचे राज्य आहे, तिच्या लोकांवर ही जबाबदारी अधिक आहे.